शिट्टीआधीचा फेरा

कापसाला भाव नव्हता त्या वर्षांतही दारव्ह्याच्या आसपासच्या खेड्यांत कबड्डीचे सामने जोरात व्हायचे. कपाशी उपटलेलं वावर सपाट करायचं, पाणी मारायचं, की झालं मैदान. मी पंच असायचो आणि मला उशीर खपत नसे.

उशीर व्हायचा तो एका म्हाताऱ्यामुळे. चुन्याच्या रेषा मारून झाल्या की तो चपला धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, काढायचा आणि अनवाणी पाय घासत मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा. पायाला काही लागलं की खाली बसून मातीत राहिलेला कपाशीच्या पऱ्हाटीचा खुंट उपटायचा आणि टोपीत टाकायचा. टोपी भरली की धुऱ्यापलीकडे रिकामी करून पुन्हा तेच. सामना मात्र त्याने कधी पाहिला नाही. शिट्टी वाजली की तो घरी.

एकदा मी वैतागून म्हणालो, "बाबा, सकाळीच खराटा मारला आहे ना!"

"खराटा वरून जाते, सर. पोट्टे मातीत घासतात," तो मान वर न करता म्हणाला. "हारले तं उद्या पुन्हा खेळतीन. पाय कामातून गेला तं वावरात बैलाच्या डवऱ्यामागं कोन चालन?"

पुढच्या वर्षी तो आला नाही. चौकशी करावी, तर त्याचं नाव आम्ही कधी विचारलंच नव्हतं. खराटा मारून झाला होता, मैदान स्वच्छ दिसत होतं, दोन्ही संघ तयार उभे होते. मी शिट्टी तोंडाशी नेली, परत खिशात टाकली आणि बूट काढायला खाली बसलो.