मावशीने नापास केलेला डॉक्टर

पूर, भूकंप, लढाई, जिथे आभाळ फाटलंय तिथे जाणाऱ्या डॉक्टरांना मावशी तयार करायची. तयार कसली, सोलूनच काढायची. स्वतः डॉक्टर, बारा छावण्यांचं पाणी प्यालेली. "निघाले जगाला वाचवायला! यांना साधी चादर झटकता येत नाही," असं ती त्यांच्या तोंडावरच म्हणे.

त्या वर्षी तिचा सख्खा भाचा शिकायला आला. मोठ्या इस्पितळाच्या अपघात विभागातला हिरो. तो 'मावशी' म्हणाला म्हणून सगळी तुकडीच तिला मावशी म्हणू लागली.

रिकाम्या गोदामात तंबू ठोकून खोटी आपत्ती उभी केली होती. जखमींची सोंगं घेतलेली माणसं विव्हळत होती. ऐन वेळी मावशीने जनरेटर बंद केला. भाचा धावला तो सगळ्यांत मोठ्याने बोंबलणाऱ्याकडे. कोपऱ्यात निपचित पडलेली बाई तेवढ्यात 'मेली'.

"बोंबलणारा श्वास घेतोय रे, शहाण्या! गप्प पडलेल्याला आधी बघायचं."

"मॉनिटर असता तर कळलं असतं."

"तिथे मॉनिटर काय तुझा बाप आणून देणार आहे?"

बाप खरंच देऊ शकत होता. त्याचं दवाखान्याच्या उपकरणांचंच दुकान होतं. नापास झालेला भाचा दुसऱ्या एका संस्थेतर्फे दोन कोरे मॉनिटर घेऊन पूरग्रस्तांत गेला.

ताईचा, म्हणजे त्याच्या आईचा, लगेच फोन. "सख्ख्या भाच्याला नापास करतेस? बघ, तुझ्यावाचून त्याचं काही अडलं नाही."

"त्याचं नाहीच अडणार. अडेल पेशंटांचं."

ताईने फोन आपटला.

भाचा परतला, त्याचा सत्कार झाला. भाषणं ऐकताना मावशीला जांभयांवर जांभया येत होत्या. कार्यक्रम संपल्यावर त्याने तिला जिन्यात गाठलं.

"मावशी, तिथे वीजच नव्हती. मॉनिटरवर आम्ही मोजे वाळत घातले. हगवणीची साथ होती आणि मी जखमा शोधत फिरत होतो. शेवटी तिथले डॉक्टर म्हणाले, तू आपलं पाणी उकळ."

"मग हे स्टेजवर का नाही सांगितलंस?"

"आई पहिल्या रांगेत होती."

मावशीने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "पाणी तरी नीट उकळलंस का?"

"हो."

"मग सोमवारी ये. श्रीगणेशापासून सुरुवात."

दुसऱ्या खेपेला तो पास झाला, पण शाबासकी द्यायला मावशीची जीभ काही रेटली नाही. "निदान कोणाच्या पायांत येणार नाहीस," एवढंच ती म्हणाली.

ताईने अजून अबोला धरलाय. मावशीला त्याचं काडीचं दुःख नाही. म्हणते, "बोलली असती तर काय बोलली असती, ते मला पाठ आहे."