मयताचा वॉल्ट्झ

पोंता दो गुआरा गावात खांबांवरचे कर्णे कधीकधी चालू गाणं मध्येच तोडतात, जरा खरखरतात आणि मग एक क्लॅरिनेट सुरू होते. न्हावी गिऱ्हाइकाच्या गालावरून वस्तरा उचलतो. डॉमिनो खेळणारे सोंगट्या पालथ्या घालतात. बायका चुलीवरचं भांडं उतरवून दारात येतात आणि पुरुष टोप्या काढतात. धून संपली की कर्ण्यांचा रेडिओ चालवणाऱ्या दोना क्लेओनीसीचा आवाज येतो आणि कोण गेलं ते सांगतो. तोवर कुणी कुणाशी बोलत नाही.

ती धून आनिसेतोची. त्याने ती नाचण्यासाठी बांधली होती.

आनिसेतो होड्यांच्या फटी बुजवणारा कारागीर. फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठासायचा आणि वरून राळ ओतायची, यावर त्याचं घर चालायचं. शनिवारी तो रॉकेलने हात घासून घासून धुवायचा, स्वच्छ सदरा घालायचा आणि कोळ्यांच्या मंडळाच्या हॉलमध्ये बँडबरोबर क्लॅरिनेट वाजवायला बसायचा. लग्न झालं त्या वर्षी त्याने इरासीसाठी हा वॉल्ट्झ केला. इरासीला नाचायची भारी हौस, पण गिरकी घेताना ती नेहमी एक ठोका मागे राहायची. म्हणून त्याने दुसऱ्या भागात एक लहानसा थांबा ठेवला. ऐकणारे म्हणायचे, काय सुंदर जागा घेतलीय! इरासी तेवढ्यात वळून घ्यायची. तो स्वतः मात्र तिच्याबरोबर त्यावर कधी नाचला नाही. वाजवणारा तोच, मग नाचणार कसा? ती दिराबरोबर नाहीतर शेजाऱ्याबरोबर नाचायची आणि तिचा निळा झगा खुर्च्यांच्या रांगेपुढून गेला की आनिसेतो क्लॅरिनेटवरून डोळे वर उचलायचा.

मग एकदा साँव लुईस शहरातून रेडिओची गाडी आली, बँड ध्वनिमुद्रित करून गेली आणि काही महिन्यांनी एक तबकडी गावात पोचली. सगळ्यांना फार आनंद झाला. पण त्याच पावसाळ्यात गावचे म्हातारे पाद्री वारले. तेव्हा कर्ण्यांचा रेडिओ क्लेओनीसीचे वडील चालवायचे. त्यांच्याकडे सगळ्या तबकड्या कार्निव्हलच्या आणि उड्या मारायच्या गाण्यांच्या. त्यांतल्या त्यात संथ असा हा एक वॉल्ट्झ. त्यांनी तो लावला आणि मग बातमी सांगितली. पुढच्या आठवड्यात एका होडीचा मालक गेला. त्याचे मुलगे येऊन म्हणाले, “पाद्रींना लावलंत तेच लावा. आमचा बाप काय कमी होता?” त्यानंतर कुणाचाच बाप कमी नव्हता.

असा तो वॉल्ट्झ मयताचा झाला. पुढच्या जूनच्या जत्रेत बँडने तो सुरू केला तर अख्खा हॉल जागच्या जागी थिजला. एका आजीबाईंनी जपमाळ काढली. मागून कुणीतरी दबक्या आवाजात विचारलं, “कोण गेलं?” बँडमास्तर आनिसेतोच्या कानाशी येऊन पुटपुटला, “मेल्या, बंद कर. लोक चपला शोधायला लागलेत.” नंतर एका बारशाला त्याने क्लॅरिनेट बाहेर काढली, तर यजमानीण हात जोडून म्हणाली, “सेउ आनिसेतो, काहीही वाजवा, पण ते नको हं. घरात तान्हं मूल आहे.”

इरासी गेली तेव्हाही कर्ण्यांनी तीच धून वाजवली. रीत ती रीत. आनिसेतो सगळ्यांसारखा टोपी काढून दारात उभा राहिला. शेजारणी रडत होत्या. थांबा आला, गेला, आणि आनिसेतो रिकाम्या रस्त्याकडे बघत राहिला.

त्यानंतर त्याच्या मनाने एकच घेतलं. डोळे मिटायच्या आत कुणीतरी, कुणीही, या वॉल्ट्झवर नाचताना आपल्याला दिसावं.

वडिलांमागे रेडिओ दोना क्लेओनीसीकडे आला. बाजाराच्या टोकाला तिची लाकडी खोली. सकाळी माशांचे भाव, भरतीची वेळ, हरवलेली गाढवं. आणि रविवारी संध्याकाळी तिचा लाडका कार्यक्रम, ‘पलीकडचा किनारा’. त्यात लिस्बनचं रडवेलं गाणं लागायचं, लुआंडाचे ढोल लागायचे, मापुतोच्या नाचऱ्या गिटारी, कधी गोव्याहून आलेली एखादी जुनी लग्नातली चाल. बहुतेकांची भाषा गावात बोलतात तीच, पण प्रत्येकाच्या तोंडात तिला वेगळी चव. तिकडच्या रेडिओवाल्यांशी क्लेओनीसीची फोनवरून गाण्यांची देवघेव चाले. आनिसेतो दर रविवारी तिच्या खोलीत स्टुलावर येऊन बसायचा. घरी एकट्याने ऐकण्यापेक्षा हे बरं.

एका रविवारी ती म्हणाली, “केप व्हर्डेचा रेडिओवाला ओनोरातु विचारतोय, तुमच्याकडचं काही जुनं पाठव. बैलाच्या सणाची गाणी तर कधीच पाठवून झाली. आता काय पाठवू?”

आनिसेतोने स्टूल पुढे सरकवलं. मग म्हणाला, “माझा वॉल्ट्झ पाठव.”

“मयताचा?” तिच्या तोंडून निघून गेलं आणि तिने जीभ चावली.

“नाचाचा,” तो म्हणाला. “त्याला सांग, नाचाचा आहे. बाकी काही सांगू नकोस.”

वॉल्ट्झ समुद्रापार गेला. रविवार येत राहिले. आनिसेतो दर वेळी थोडा आणखी लवकर यायला लागला.

“आलं का काही?”

“सेउ आनिसेतो, उपवर मुलीच्या बापासारखे काय खेटे घालताय? येईल तेव्हा सांगेन.”

आलं तेव्हा तिने नुसता आवाज मोठा केला. आधी ओनोरातु बोलला: सांतु आंताँव बेटावरच्या डोंगरातल्या व्हायोलिनवाल्यांना ही चाल इतकी आवडली की त्यांनी ती उचलली, परवा एका लग्नात वाजवली, आणि हे तिथलंच. मग व्हायोलिन सुरू झालं. सुरुवातीला त्यांचीच काहीतरी मुरकी, मागे चार तारांचं छोटं गिटार टणटणतंय, आणि मग वॉल्ट्झ: भरधाव, वाऱ्यावर सोडलेल्या शिडासारखा. फळ्यांच्या जमिनीवर पावलं घासल्याचा आवाज येत होता. एक बाई खळखळून हसली. कुणीतरी ओरडलं, “वळा!”

आनिसेतो शेवटपर्यंत हलला नाही.

“थांबा गाळलाय,” तो म्हणाला.

“कुठला?”

“दुसऱ्या भागातला. तिथे थांबायचं असतं.”

“का बरं?”

“इरासीला वळायला वेळ लागायचा.”

क्लेओनीसी उगाचच वायरी सारख्या करत बसली. त्याने पुन्हा लावायला सांगितलं. मग पुन्हा. तिसऱ्यांदा ऐकून तो म्हणाला, “असो. तिकडच्या नवऱ्या वेळेवर वळत असतील.”

दाराशी जाऊन तो परत फिरला. “येत्या रविवारी हे गावाला ऐकव. आणि माझं नाव सांग. पण आधी नको. आधी नाचू देत, मग सांग कुणाचा आहे.”

“आणि कुणी नाचलंच नाही तर?”

“तर मग नको सांगूस,” आनिसेतो म्हणाला.

त्या रविवारी तो स्टुलावर बसला नाही. चौकातल्या बाकावर बसला. मासळी विकून झाली होती. मासळीवाली झेफिन्या आपल्या पाट्या पाण्याने धूत होती, तिचा नवरा विझलेली विडी ओठांत धरून तिला बघत होता. कर्ण्यांतून व्हायोलिन आलं. न्हाव्याने दारातून मान बाहेर काढली. “कुठेतरी ऐकल्यासारखं वाटतंय हो,” तो म्हणाला, आणि आनिसेतोने टोपी डोळ्यांवर ओढली. पण गिटार टणटणलं, चाल पळत सुटली, आणि न्हावी बोटांनी चौकटीवर ताल धरून विसरून गेला.

“ए लाकडा, ऊठ!” झेफिन्याने ओले हात झग्याला पुसले आणि नवऱ्याला ओढलं. “लग्नात नाचलास ते शेवटचं!”

“अगं, लोक बघतायत.”

“बघू देत की. फुकट आहे.”

ती दोघं फिरायला लागली. मग आइस्क्रीमवाल्याच्या दोन मुली एकमेकींना धरून. मग आणखी एक जोडपं. आनिसेतो बघत होता. आपण इतकी वर्षं याच्याचसाठी थांबलो होतो, हे त्याला कळत होतं. आणि हेही कळत होतं, की आपलं नाव कर्ण्यांतून निघालं की झेफिन्याचे पाय अडतील. न्हाव्याला आठवेल. टोप्या निघतील. हे पाय पुन्हा कधी या वॉल्ट्झवर नाचणार नाहीत.

तो उठला आणि जमेल तेवढ्या घाईने खोलीच्या खिडकीशी गेला. क्लेओनीसीने माइक हातात घेतला होता. तिचे डोळे आनंदाने भरले होते.

त्याने नकारार्थी मान हलवली.

तिने माइकवर हात ठेवला. “अहो, नाचतायत! बघताय ना? सांगू द्या मला.”

“नको.”

“तुमचा आहे तो, सेउ आनिसेतो.”

“मला माहीत आहे ना. पुरे झालं.”

वॉल्ट्झ संपला. क्लेओनीसीने खाकरून घसा साफ केला. “केप व्हर्डेहून आलेला एक वॉल्ट्झ ऐकलात,” ती म्हणाली. “बांधणाऱ्याचं नाव...” आणि जराशी अडखळून, “कळलेलं नाही.”

“पुन्हा लाव गं!” झेफिन्या चौकातून ओरडली. नवरा धापा टाकत बाकावर कोसळला होता. तिने आजूबाजूला पाहिलं आणि खिडकीशी उभा असलेला म्हातारा तिच्या नजरेस पडला. “सेउ आनिसेतो, ऐकलंत? याला म्हणतात वॉल्ट्झ! नाहीतर तुमचा. ऐकून माणूस अंथरूण धरतो. शिका जरा त्यांच्याकडून.”

“खरं आहे,” आनिसेतो म्हणाला. “फार छान वाजवतात.”

“मग या. उभे काय राहिलात?”

आणि तिने त्याचा हात धरलाही. वॉल्ट्झ पुन्हा सुरू झाला होता. तिच्या खांद्याला मासळीचा वास होता, हात गार आणि ओलसर. आनिसेतोला आपले पाय कुठे ठेवायचे ते कळेना. आयुष्यभर तो खुर्चीत बसून वाजवत आला होता. इकडून, जमिनीवरून, हे कसं वाटतं ते त्याला ठाऊकच नव्हतं. इरासीला हे एवढं सगळं जाणवत होतं तर. तिला एकदा विचारायला हवं होतं. तो डावीकडे गेला, झेफिन्या उजवीकडे, आणि तिच्या पायावर त्याचा पाय पडला.

“अगंबाई! अहो, एवढे वाजवणारे तुम्ही, आणि गाणं ऐकायला येत नाही होय?”

“येतंय, येतंय,” तो म्हणाला. “फिर तू. मी येतो मागून.”