धावड्याचा कच्चा डिंक

शिरपूरच्या स्टँडवर आबा, म्हणजे माझे वडील, एसटीशेजारी उभे होते. मोतीबिंदूमुळे ते भलत्याच खिडकीकडे बघून हात हलवत राहिले. मी हाक मारली नाही. मारली असती तर निघणं झालं नसतं.

माझ्या माहेरीच राहणारे आम्ही नवराबायको दीपनगरला वीजकेंद्रात कंत्राटी कामावर निघालो, ते माझ्यामुळे. डोंगरपायथ्याची जमीन कोरडवाहू. बांधावर धावड्याची सहा झाडं. पीक गेलं तरी डिंकावर घर चालायचं. साल कोयत्याने खाचायची आणि थांबायचं. कधी काढायचा ते आबा ठरवत. खड्याला नख लावत, मग तो दगडावर टाकून ऐकत. "नख उमटनं ते कच्चा शे, बाई. खडा वाजना पाहिजे."

त्यांची नजर गेली आणि काम माझ्याकडे आलं. मी वहीत तक्ता केला: झाड, खाचेची तारीख, पंधराव्या दिवशी काढणी. त्या फाल्गुनात आभाळ भरून राहिलं. पंधरावा दिवस आला, मी डिंक काढला.

"नख लाई देखं का?" आबांनी ओट्यावरून विचारलं.

मी हो म्हटलं. लावलं नव्हतं.

आठवड्यात पोत्यात ओल्या डिंकाचा काळा गोळा झाला. व्यापारी हसला, "अक्का, हाई डिंक शे का गूळ?" पोतं परत आलं. भरपाईसाठी मी जुन्या खाचा भरायच्या आत सहाही झाडांना नव्या, खोल खाचा घातल्या. फांद्या वाळू लागल्या.

इथे कॉलनीत भोंग्यावर दिवस चालतो. सुपरवायझर माझ्या हजेरीवहीचं कौतुक करतात. तेव्हा मान वर होत नाही.

पुढच्या उन्हाळ्यात झाडं पाहायला गेले. सहाही बुंधे खरवडले. आत कुठेच ओल नव्हती. आबा एका बुंध्याला तळहात टेकून उभे होते.

"पालवी उनी का?"

"हो, आबा."

"मंग तुम्ही दोन्ही या घर. मी झाडीसन ठेवस."

दीपनगरला चला म्हटलं, तर झाडं सोडून ते येईनात.

गावात राहिलेल्यांनो, झाडं मेल्याचं तुम्हा बठ्ठ्यांना, सगळ्यांनाच माहीत आहे आणि कोणी त्यांना सांगितलेलं नाही. याला उपकार म्हणावं की शिक्षा, मला कळत नाही. माझ्यासारखे बाहेर पडलेले सणाला गावी जातात. मला विचारतात, तू का येत नाहीस? एक आंधळा माणूस चाचपडत माझ्यासाठी घर झाडतो. ते माझं घर. खरं सांगितल्याशिवाय तिथे जाता येत नाही, आणि सांगितलं तर तो झाडणं थांबवेल.