गच्चीवरची पेरणी

समस्त नागरिकांस कळविण्यात येते की, अठराव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडात लागलेला पेरणीयंत्राचा शोध गेल्या रविवारी क्रांती चौकाजवळ, आमच्या गच्चीवर, दुसऱ्यांदा लागला.

मी महाविद्यालयात इतिहास शिकवतो. विज्ञान सप्ताहात त्या काळच्या शोधांवर बोलायचे होते, सोबत एखादे यंत्र करून दाखवायचे होते. खाणीतले पाणी उपसणारा वाफेचा पंप घरात करायला बायकोने साफ नकार दिला. मग पेरणीयंत्र! एक खोका, बाबागाडीची चाके आणि खाचा पाडलेले लाटणे. चाक फिरले की लाटणे फिरते आणि खाचांतले दाणे तीन नळ्यांतून खाली.

व्याख्यानाची धास्ती नव्हती. धास्ती होती लासूर स्टेशनहून आलेल्या सासूबाईंची. लग्नाला बावीस वर्षे झाली, पण जावयाचे कौतुक त्यांच्या तोंडून एकदाही निघालेले नाही. त्यात पेरणी हा त्यांचा प्रांत. तिफणीच्या चाड्यात, म्हणजे वरच्या लाकडी वाटीत, चालता चालता मुठीने दाणे सोडावेत तर त्यांनीच. ओळीत ना गर्दी, ना खंड.

"ही तर तिफणच की," त्या म्हणाल्या. "त्यात गोऱ्यानं काय केलं?"

"आई, याला मूठच लागत नाही. चाक चाललं की दाणा पडतो, थांबलं की थांबतो."

"आन् दाटीनं पडला तर?"

"नाही पडत. बघाच तुम्ही."

गच्चीत प्लास्टिकवर माती पसरली, खोक्यात ज्वारी भरली आणि मी यंत्र ढकलले. टक टक टक! तीन ओळी, फूटपट्टीने आखल्यासारख्या. सासूबाई वाकल्या, दाण्यांमधले अंतर बोटांनी मोजले. पुन्हा मोजले. "आं!" म्हणाल्या. बायकोने मला डोळ्यांनीच खुणावले, आता येणार! मी चेहरा नम्र करून कौतुक झेलायला उभा राहिलो.

तेवढ्यात टाकीवरून एक कबुतर उतरले. पाठोपाठ सात-आठ. बघता बघता पहिली ओळ सफाचट. माती उकरून दाणा आत घालणारा फण मी बसवलाच नव्हता. सगळी ज्वारी उघड्यावर!

सासूबाई पदर तोंडाला लावून खालीच बसल्या. हसता हसता ठसका लागला आणि बावीस वर्षे अडलेले शब्द एकदाचे बाहेर पडले:

"लई भारी केलंत, जावईबापू! पेरायचं नाय, कबुतरांची पंगत वाढायचं यंत्र हाय हे!"