घोडीची उष्टी हळद

बाळकुमला आमच्या बिल्डिंगमागे पत्र्याच्या शेडमध्ये एक पांढरी घोडी राहते. बिल्डिंग मामांच्या जमिनीवर उभी आहे. त्यामुळे पार्किंगवरून रोज भांडणारे आम्ही घोडीच्या जागेबद्दल चकार शब्द काढत नाही. मामा माझ्या आईचे कोणी नव्हेत. सगळी बिल्डिंगच त्यांना मामा म्हणते. ठाण्यातले कितीतरी नवरदेव या घोडीवरून मांडवात गेले. त्यातल्या निम्म्यांना, मामांच्या मते, धड बसताही येत नव्हतं.

मामांच्या घरची एक रीत आहे. घोडी ज्या नवरदेवाला घेऊन जाणार, त्याची उष्टी हळद तिच्या कपाळाला लागते. लग्नसराईत पांढरी घोडी कायम पिवळी. म्हणून मे महिन्यात एका सकाळी तिचे डोळे पिवळे दिसले, तेव्हा मी शेडच्या दारात उभं राहून म्हटलं, "मामा, यंदा हिचंच लग्न ठरवलंत की काय?"

"हलद हाय ती," मामा म्हणाले. "डोल्यान गेली आसंल."

मामी मात्र ओला पंचा घेऊन आल्या. कपाळ पुसलं, पंचा पिवळा झाला. डोळ्यांच्या कडा पुसल्या, पंचा कोराच. मग त्यांनी घोडीचा ओठ वर केला. हिरड्या पिवळ्या होत्या, आणि हिरड्यांना हळद कोणी लावत नाही. दोन दिवस चण्यांना तोंड लावलेलं नाही, हे मामांनी तेव्हा कबूल केलं.

जनावरांचे डॉक्टर आले. कावीळ म्हणाले, यकृताला सूज आहे.

"घोडीला कावील? ही काय नाक्यावं रस प्याला जाते?" मामांनी विचारलं.

डॉक्टर हसले नाहीत. मार्चमध्ये मांडवाचा खिळा तिच्या पायात घुसला होता, तेव्हा त्यांनीच धनुर्वाताचं सीरम दिलं होतं. मामी माझ्याकडे बघू लागल्या, कारण त्या दिवशी "इंजेक्शन द्या, इंजेक्शन द्या" म्हणून सगळ्यांचं डोकं मी खाल्लं होतं.

"ते सीरम दुसऱ्या घोड्यांच्या रक्तातून काढतात," डॉक्टर म्हणाले. "त्यातून कधीकधी यकृतात बसणारा एक विषाणू येतो. बरेच घोडे तो अंगात घेऊन मजेत हिंडतात, एखाद्याला असं होतं. इथे तोच असेल असं वाटतं, पण रक्त तपासल्याशिवाय खात्री नाही." घोड्यांच्या यकृतातला आणखी एक विषाणू माणसाच्या हिपॅटायटिस सीच्या विषाणूचा भाऊबंद आहे, असंही त्यांनी सांगितलं.

"म्हंजे आपलं नातं हायच," मामा म्हणाले.

विषाणूवर औषध नव्हतं. सलाईन लावायचं, उन्हात बांधायचं नाही, चणे बंद, थोडं थोडं गवत. आणि ती भिंतीला डोकं टेकून उभी राहू लागली, तर दुखणं मेंदूपर्यंत गेलं समजून मनाची तयारी ठेवायची.

तीन दिवस मी ऑफिसला जाताना आणि येताना ती भिंत बघत होतो. खिळ्यापासून वाचवायला आपण कुठल्या तरी अनोळखी घोड्याचं रक्षण हिच्यासाठी उसनं आणलं, आणि त्याच्याबरोबर त्याचं दुखणंही आलं असावं. सीरम बनवताना कोणी त्या घोड्याचा ओठ उचलून बघितला असता, तरी हिरड्या गुलाबीच दिसल्या असत्या. चूक नेमकी कोणाची, हे मला ठरवता येईना. सोयीचं म्हणून मी स्वतःचीच धरली.

मामांना ते कळलं असावं. "धनुर्वातानं गेली आसती, तरी तुलाच शिव्या दिल्या आसत्या," ते म्हणाले. "कसं पन तुज्याच माथी येनार होतं."

चौथ्या दिवशी मामींच्या बहिणीने खडवलीहून काविळीची माळ आणली. मुळ्यांचे तुकडे ओवलेली ही माळ माणसाच्या गळ्यात घालतात. ती लांबत जाते तशी कावीळ उतरते म्हणे. डॉक्टरांना न सांगता मामींनी ती घोडीच्या गळ्यात बांधली. दुपारी बघतो तर गळ्यात नुसता दोरा, आणि घोडी तोंड हलवतेय.

डॉक्टर चिडले. कसल्या मुळ्या, किती होत्या, सगळं विचारलं. मग थांबून म्हणाले, "स्वतःहून खाल्ली?" आणि गवताची पेंडी पुढे केली. घोडीने तीही खाल्ली.

महिनाभरात डोळ्यांतला पिवळेपणा गेला. मामी श्रेय माळेला देतात, डॉक्टर विश्रांतीला. आता लग्नसराईआधीच तिला धनुर्वाताची लस मिळते, म्हणजे खिळा लागला तरी परक्या रक्ताची गरज पडू नये.

उष्टी हळद अजून लागते. पण नवरदेव बसण्याआधी मामा घोडीचे डोळे ओल्या पंचाने पुसतात आणि तिचा ओठ उचलतात. फोटोग्राफरला तो विधी वाटतो, तो वाकून फोटो काढतो. परवा मी मामांबरोबर डोंबिवलीला गेलो होतो, तिथे नवऱ्याच्या आईने हात जोडून विचारलं, "आमच्या मुलानेही दाखवायचं असतं का?"

"दाखवू दे," मामा म्हणाले. "लग्नाआदी बगितलेलं बरं."

सगळे हसले. मी आधी घोडीच्या हिरड्या बघितल्या, मग हसलो.