बिनभात्याची पेटी

"पियानो म्हणजे काय हो, बिनभात्याची पेटी!" असं मी बोलून गेलो, आणि तेही कुणासमोर, तर होणाऱ्या विहीणबाईंसमोर. लेकीच्या लग्नाची बोलणी करायला आम्ही कोकणातल्या आमच्या गावाहून, तळ्याहून, मुंबईला त्यांच्या घरी गेलो होतो. दिवाणखान्यात काळा, चकचकीत पियानो होता. मी आमच्या भजनी मंडळाचा पेटीवाला. वाद्य दिसलं की आपण दोन शब्द बोललेच पाहिजेत, असा माझा समज. बायकोने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला, पण तोवर उशीर झाला होता. विहीणबाईंनी उभा जन्म मुलांना पियानो शिकवण्यात घालवला होता, हे मला चहा आल्यावर कळलं.

त्या रागावल्या नाहीत. गोड हसून म्हणाल्या, "मग रिसेप्शनला तुम्हीच वाजवा ना. हॉलमध्ये पियानो असेलच."

नाही म्हणायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात शेजारी बसलेली लेक म्हणाली, "बाबा, खरंच? आमचं गाणं वाजवशील?"

'आमचं गाणं' म्हणजे तिचं आणि जावयाचं आवडतं, जॅझमधलं एक जुनं, संथ प्रेमगीत. दारापासून स्टेजपर्यंत ती त्या गाण्यावर चालत येणार होती. एकटी, दोन्हीकडच्या माणसांच्या देखत. तिचा उजळलेला चेहरा बघून मी हो म्हणालो.

लेकीने एक कीबोर्ड आणून दिला आणि मुंबईला नोकरीवर परतल्यावर ती फोनवरून शिकवायला लागली. माझा डावा हात वर्षानुवर्षं फक्त भाता मारत आलेला. उजव्याने सूर धरला की डावा आपला हवेत मागेपुढे.

"माशा वारताय का?" बायको स्वयंपाकघराच्या दारातून विचारायची.

आता त्या हाताने चार-चार पट्ट्या एकदम दाबायच्या होत्या, आणि त्यातल्या दोन भिंतीला भिंत लागलेल्या शेजाऱ्यांसारख्या भांडत असायच्या. माझं बोट नकळत सरकून समेटाच्या जागी जायचं.

"बाबा, भांडू दे त्यांना!" लेक फोनमधून ओरडायची. "तीच तर मजा आहे."

ते हळूहळू जमलं. लय मात्र जमेना. भजन कितीही सावकाश सुरू झालं तरी गजराला चढत जातं. पखवाज पुढे, टाळ त्याच्या पुढे, आणि मागे राहील तो पेटीवाला कसला? शिवाय भाता मारू तोवर पेटीचा सूर तुमचा असतो. पियानोचा सूर वाजल्या क्षणापासून विझायला लागतो. त्या गाण्यात दोन सुरांच्या मध्ये अशा काही मोकळ्या जागा होत्या की तिथे माझा जीव गुदमरायचा. मी पुढचा सूर जरा लवकर टाकायचो. मग त्याच्या पुढचा आणखी लवकर.

"बाबा, तू मला पळवतोयस," लेक एकदा म्हणाली. "मी साडी नेसून चालणार आहे. सूर विझू दे ना पूर्ण."

"विझला, आणि लोकांना वाटलं मी विसरलो, तर?"

"वाटू दे."

रिसेप्शन दिघीच्या अलीकडे, समुद्रकाठच्या एका हॉटेलात होतं, भर दुपारी. पहिल्याच रांगेत आमचं भजनी मंडळ इस्त्रीचे कुर्ते घालून बसलेलं. पखवाजवाला म्हणाला, "भाऊ, घाबरायचं न्हाय. आम्ही हाय ना!" त्यामुळे मी जास्तच घाबरलो. पलीकडून विहीणबाईंनी मोबाइल दाखवला. "काळजी करू नका, गाणं इथे तयार ठेवलंय. अडलंच तर मी लगेच लावते."

चांगल्या मनानेच म्हणाल्या त्या. पण मला दिसायला लागलं ते एवढंच: लेक हॉलच्या मधोमध, बापाचं वाजवणं बंद पडलेलं, आणि स्पीकरमधून खरं गाणं सुरू. सासरच्या माणसांना पुढे कायम सांगायला किस्सा.

दार उघडलं. लेक दिसली. मी सुरुवात केली.

पहिली ओळ नीट गेली. भांडायच्या पट्ट्या नीट भांडल्या. दुसऱ्या ओळीला पखवाजवाल्याने मायेने टाळी धरली आणि मंडळाने ती उचलली. झालं! माझ्या बोटांना गजराची चाहूल लागली. मोकळ्या जागा आटायला लागल्या. टाळ्या चढल्या, तसा मीही चढलो. घामाने बोट निसटून एक सूर भलताच लागला. डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं, विहीणबाईंनी मोबाइल हातात घेतला होता.

मी लेकीकडे पाहिलं. ती थांबली होती. अर्ध्या वाटेत, पदर सावरून, माझ्याकडे बघत शांत उभी. गाणं पुढे धावत होतं आणि ती काही केल्या पाऊल उचलत नव्हती. टाळ्या गोंधळल्या, विरळ झाल्या, बंद पडल्या.

मी थांबलो. वाजलेला सूर पायाखालच्या, सूर लांबवणाऱ्या पेडलने धरून ठेवला आणि विझू दिला. विहीणबाईंचा अंगठा मोबाइलवर अधांतरी होता. माझा डावा हात भात्याच्या शोधात निघालेला. त्याला परत पट्ट्यांवर आणून बसवला. पुढच्या सुरासाठी बोट उचललं नाही. सूर पुरता गेला, तेव्हाच पुढचा वाजवला. एकच.

लेकीने पाऊल टाकलं.

मग मी गाण्याकडे बघितलंच नाही. ती चालेल तसा वाजवत गेलो. तिचं पाऊल टेकलं की सूर, आणि मधे जी जागा राहील ती तशीच. शेवटचा सूर विझला तेव्हा ती स्टेजवर होती, आणि विहीणबाईंचा मोबाइल त्यांच्या मांडीवर पालथा पडला होता.

उन्हं कलल्यावर लेक सासरच्या गाडीतून गेली. बायको आणि मी हॉटेलच्या पायरीवर बसून राहिलो. न राहवून मीच विचारलं, "मधे जरा पळालं, नाही का?"

"चांगलंच पळालं. पोरीने थांबवलं म्हणून." तिने पदराने डोळे पुसले. "एवढी कसली घाई झाली होती हो तिला पाठवायची?"