भाऊजींची उजेडाची मोजणी

सरळ रेघ या जगात दोघांनाच नीट कळली. एक, ज्याने तिचा शोध लावला तो, आणि दुसरे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी. बाकी आपण सगळे थोडेफार वाकडे आहोत असं त्यांचं प्रामाणिक मत आहे, आणि ते त्यांनी कधी कोणापासून लपवलेलं नाही. भूमापक म्हणून चंद्रपूर-गडचिरोलीच्या जमिनी मोजता मोजता ते निवृत्त झाले, पण मोजणी काही त्यांच्या अंगातून निवृत्त झाली नाही. माझ्या लग्नात सगळे मंगलगाथा म्हणत होते तेव्हा हे एक डोळा मिटून मांडवाचे खांब बघत होते, आणि जेवणाच्या पंगतीत माझ्या सासऱ्यांना म्हणाले, "मांडव दीड फूट पश्चिमेले सरकून राह्यला." सासरे बिचारे हात तसाच घासावर ठेवून बघत राहिले. घरी मीठ हवं असेल तर भाऊजी मीठ मागत नाहीत. "वाटीच्या दक्षिणेले चिमूटभर टाक," असं सांगतात. एटापल्लीला असताना भर मोजणीत अस्वल आलं. शिपाई झाडावर चढला, शेतकरी नाल्यात उतरला. ह्यांनी त्या दिवशीच्या नोंदीत लिहिलं, "अस्वल वायव्येकडून आले व आग्नेयेकडे गेले, काम अर्धा तास तहकूब." ताई म्हणते, ते घाबरले नव्हते असं नाही, पण दिशा चुकू नये याची भीती जास्त होती.

अशा माणसाने साठी उलटल्यावर लेझर शो करायचं सॉफ्टवेअर शिकायला घेतलं, तेव्हा वरोऱ्यात, जिथे ताईचं आणि माझं घर एकमेकांना लागून आहे, त्या आमच्या गल्लीत बरीच करमणूक झाली. मी शाळेत शिकवते, त्यामुळे भाऊजी मला मास्तरीणबाई म्हणतात आणि मी त्यांची थट्टा करायची एकही संधी सोडत नाही. पण या वेळी मी जरा जपून होते, कारण मला मूळ गोष्ट माहीत होती. भाऊजींचं गाव कोळशाच्या खाणीत गेलं. जाण्याआधी त्याची मोजणी झाली, आणि ती मोजणी ऑफिसने नेमकी ह्यांच्याच अंगावर टाकली. नाही म्हणता आलं असतं, पण ते म्हणाले नाहीत. दुसरा कोणी आला तर घाईत मोजेल, कोणाचा गोठा सुटेल, कोणाचं अंगण कमी लागेल, म्हणून ह्यांनी स्वतः चार दिवस उन्हात इंच न् इंच लिहून काढला. त्यांच्या मोठ्या भावाला, म्हणजे दादांना, त्यातलं काही दिसलं नाही. त्यांना एवढंच दिसलं, की सख्ख्या भावाने बापाच्या दारात मोजणीची साखळी टाकली. त्या दिवसापासून दादा बोलले नाहीत. बारा वर्षं झाली. लग्नात, मयतीत, जयंतीला समोरासमोर येतात आणि दादा तोंड फिरवून बसतात. भाऊजी ते कोणत्या दिशेला तोंड करून बसले, तेवढं सांगतात.

गावची माणसं आता मुख्य रस्त्यालगत वसवलेल्या नव्या गावात राहतात, आणि बुद्धपौर्णिमेला तिथल्या विहारापुढे सगळी जमतात. भाऊजींनी ठरवलं, की यंदा विहाराच्या पांढऱ्या भिंतीवर जुनं गाव उजेडाने काढून दाखवायचं, घराला घर. "दादा पाहतीन," एवढंच ते ताईला म्हणाले. चंद्रपूरच्या एका डीजेवाल्याकडून जुनं लेझर मशीन आणलं. त्याने लॅपटॉपवर सॉफ्टवेअर टाकून दिलं आणि आधीच तयार असलेली चित्रं दाखवली: बदाम, फुलपाखरू, कंबर हलवणारी बाई. भाऊजींनी फुलपाखराकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "याची हद्द कुठी संपते?" डीजेवाल्याने पुढचं चित्र लावलं. कंबर हलवणाऱ्या बाईबद्दल त्यांनी काही विचारलं नाही, कारण ताई शेजारी उभी होती.

मग आमच्याकडे जणू ऑफिसच सुरू झालं. लॅपटॉप सकाळी साडेदहाला उघडायचा, दीडला जेवणाची सुट्टी आणि पावणेसहाला बंद, मग चित्र अर्धं राहिलेलं का असेना. शेजारी त्या मोजणीच्या आकड्यांची एक वही. पहिल्या दिवशी एक चौकोन काढला. पडद्यावर झकास दिसला, भिंतीवर मात्र त्याचे चारही कोपरे गोल! भाऊजींचा चेहरा असा पडला, जसं कोणी त्यांच्यावर लाच घेतल्याचा आळ घेतलाय. चार दिवसांनी उलगडा झाला. मशीनमधले आरसे इतक्या वेगात फिरतात, की उजेड कोपऱ्यावर थांबतच नाही, वळून पळतो. त्याला थांबवायचं तर कोपऱ्यात एकाच जागी तीन-चार ठिपके द्यावे लागतात. हे कळल्यावर भाऊजी खुलले. "म्हणजे हद्दीचा दगड पक्का रोवा लागते, मास्तरीणबाई! हे तर आपलंच काम आहे." एक गोष्ट मात्र त्यांना अजिबात पटली नाही. एका घराकडून दुसऱ्या घराकडे जाताना उजेडाला मध्ये विझून जावं लागतं, नाहीतर घराघरात रेघा ओढल्या जातात. "मोजणीत माणूस चालत जाते, विझून नाई जात," असं म्हणत ते दोन दिवस रुसून बसले होते.

शेवटी चाळीस घरं, विहीर, समाजमंदिर आणि शाळा मिळून सगळं गाव तयार झालं. कोपऱ्यात सवयीने उत्तर दिशेचा बाणही काढला. एका संध्याकाळी आमच्या मागच्या भिंतीवर ते लावलं, तर अख्खं गाव थरथर कापायला लागलं. "अहो जी, भूकंप होऊन राह्यला का?" ताई म्हणाली. ठिपके जास्त झाले होते. जुन्या मशीनला एका दमात तेवढे झेपत नव्हते, म्हणून चित्र धापा टाकत होतं. काहीतरी गाळणं भाग होतं. भाऊजींनी गोठे गाळले, कुंपणं गाळली, नदीची वाट गाळली, जीव तुटत होता तरी शाळेचं पटांगणही गाळलं. तरी थोडं कापतच होतं. "बाण काढा ना भाऊजी," मी म्हटलं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी वह्या तपासायला निघून गेले. उत्तर नसलेल्या नकाशावर त्यांनी जन्मात सही केलेली नव्हती. दुसऱ्या दिवशी मात्र गाव एकदम स्थिर उभं राहिलं. काय गाळलं ते त्यांनी सांगितलं नाही, आणि वहीही आत ठेवून दिली.

पौर्णिमेला अंधार पडल्यावर विहारापुढे दोनशे माणसं बसली असतील. उजेड कोणाच्या डोळ्यात जाऊ नये म्हणून भाऊजींनी टेपने मोजून चुन्याची रेघ आखली होती, आणि तिच्या पलीकडे बघायचंही नाही अशी ताकीद दिली होती. चंद्र वर येत होता, त्यामुळे भाऊजी त्याच्यावर जरा नाराज होते. वंदना झाली, दिवे घालवले, आणि भिंतीवर हिरवं गाव उभं राहिलं. मग एक बाई ओरडली, "अवं बाई, ते पाह्य आमचं! विहिरीजवळचं!" आणि मग जो गलका झाला! कोणी घरं मोजतंय, कोणी मेलेल्या माणसांची नावं घेतंय, एक म्हातारा तर आपल्या घराकडे हात करून नुसताच हसतोय. मी शिकवणारी बाई, सहसा रडत नाही, पण रडले.

दादा मागे खुर्चीवर बसले होते. ते उठले, काठी टेकत चुन्याच्या रेघेपर्यंत आले आणि विहिरीच्या बाजूची रिकामी जागा बघत राहिले. सगळं गाव होतं तिथे, फक्त त्यांच्या बापाचं घर नव्हतं. तेव्हा मला कळलं, भाऊजींनी काय गाळलं होतं.

"इथी काऊन रिकामं?" दादा म्हणाले. बारा वर्षांतलं पहिलं वाक्य.

भाऊजी लॅपटॉपमागून उठून उभे राहिले. "ठिपके बसत नव्हते, दादा. लोकायचं घर कसं गाळू?"

"अन् तो बाण कायचा?"

"उत्तर दिशा आहे."

"गाववाल्यायले उत्तर सांगून राह्यला का बे तू?" दादा म्हणाले. "काढ तो. घर टाक."

भाऊजींनी बाण पुसला. आयुष्यात पहिल्यांदा. मग लॅपटॉपवर वाकून ते कोपरे रोवायला लागले, एक, दोन, तीन, चार, पण मापांची वही घरी राहिली होती. भिंतीवर घर उमटलं, जरा तिरकं, आणि त्याची चौथी बाजू जुळलीच नाही. हातभर फट राहिली. ज्या माणसाने कधी हद्द उघडी सोडली नाही, तो घाईघाईने ती मिटवायला गेला, तेव्हा दादांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"राहू दे," ते म्हणाले. "दार तिकडेच होतं."

आता लॅपटॉप साडेदहाला उघडत नाही. कधीतरी संध्याकाळी भाऊजी ते गाव आमच्या मागच्या भिंतीवर लावतात, शेजारी दादा खुर्ची टाकून बसलेले असतात. मी एकदा चिडवायला म्हटलं, "भाऊजी, एवढे नियमाचे तुम्ही, ती चौथी रेघ तरी जोडून टाका."

"नाई, मास्तरीणबाई," ते म्हणाले. "दादा येत-जात राह्यते तिथून."